काम संपल्याचा दाखला

नोव्हेंबर आला की माझं डोकं फिरतं. बायको किमचीसाठी कोबीचे गड्डे आणते, मीठ लावून ठेवते, घरभर लसूण-मिरचीचा वास सुटतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, निदान ते खायला तरी मिळतं. पण नेमक्या त्याच दिवसांत आरोग्य विम्याची पत्रं सुटतात आणि आमच्या देगू शहरातल्या छापखान्यांच्या गल्लीत फोन खणखणायला लागतात. गेल्या वर्षी ज्यांना ज्यांना चार पैसे दिले ते सगळे फोन करतात. आणि मागतात काय, तर दाखला. कसला दाखला? तर हा माणूस आता आमच्याकडे काम करत नाही, असा.

मी बांग इन-सोक. गल्लीतले लोक मला मालक म्हणतात, आणि ती थट्टाच आहे, कारण माझ्या प्रकाशनात मी आणि एक हीटर एवढेच दोघे. झाडं, किडे, मासे, शेवाळ असल्या विषयांची पुस्तकं काढतो. ती कोण घेतं ते मला विचारू नका. पण कोणीतरी घेतं, म्हणून तर इतकी वर्षं दिवाळं वाजलं नाही.

आता हा दाखला काय भानगड आहे ते सांगतो, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. माझ्याकडे नोकर नाहीत. चित्रं काढणारा पोरगा, भाषांतर करणाऱ्या बाई, मांडणी करणारी मुलगी, सगळे कंत्राटावर. त्यांना पैसे देताना मी तीन पॉइंट तीन टक्के कापतो, ते सरकारात भरतो आणि कर-कार्यालयाला कळवतो की अमक्यांनी इतक्याचा व्यवसाय केला. हो, व्यवसाय. घरात जमिनीवर फतकल मारून शब्दकोश चाळणारी बाईसुद्धा कागदावर व्यावसायिक. मे महिन्यात ज्याचा त्यानं आपला हिशोब भरायचा. जास्त कापले गेले असतील तर परत मिळतात, पोरं त्या पैशात एकदा मटण खातात आणि सरकारला दुवा देतात. इथपर्यंत सगळं बरं चाललेलं असतं.

मग ते आकडे विमावाल्यांकडे जातात. आणि विमावाल्यांचं म्हणणं असं की गेल्या वर्षी कमावलंत ना, म्हणजे अजूनही कमावताच आहात, भरा त्या हिशोबानं हप्ता. अहो, एक पुस्तक झालं, पैसे मिळाले, खाल्ले, संपले. नोकरदाराचं बरं असतं, त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला दिसतो. कंत्राटी माणसाचं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे त्यांना कसं कळणार? म्हणून ज्यानं पैसे दिले त्याच्याकडून लिहून आणायचं की आमचं-यांचं आता काही देणंघेणं उरलेलं नाही. ते लिहून दिलं की हप्ता उतरतो. म्हणजे माणसानं हाडं मोडून काम करायचं, आणि वर्षाअखेरीला त्याच दारात जाऊन म्हणायचं, मी तुमचा कोणी नाही असं जरा लिहून द्या. याला कोणी चांगली रीत म्हणत असेल तर त्यानं मला समोर येऊन सांगावं.

बाकीच्यांना मी दाखले टपालानं पाठवून मोकळा होतो. फक्त प्योबाईंचा दाखला मी स्वतः नेऊन देतो.

प्यो सुन-इम हे त्यांचं नाव. माझी जपानी पुस्तकं त्याच आमच्या कोरियन भाषेत आणतात, पहिल्यापासून. वय माझ्याएवढंच, दोन-चार वर्षं इकडे-तिकडे, विचारायची माझी छाती नाही. चढावरच्या एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. गुडघा दुखतो, पण कोणी हात दिला तर हाताकडे असं बघतात की माणूस तो परत खिशात घालतो. नोकरीवाला मुलगा नाही, नवरा नाही, तेव्हा कोणाच्या विम्यावर नाव लावून घ्यायची सोय नाही. हप्ता त्यांचा त्यांनीच भरायचा.

आमची ओळखच मुळी या कापाकापीवरून भांडणानं झाली. पहिलं पुस्तक गोगलगाईंचं. मला वाटलं, बाई एकदा काम करणार आणि जाणार, म्हणून मी त्यांचे पैसे प्रासंगिक उत्पन्नाच्या रकान्यात टाकले. हा दुसरा रकाना. एखादा पाहुणा येऊन भाषण देऊन गेला, त्याला मानधन दिलं, तर ते तिथं जातं. कापतात जरा जास्त, आठ पॉइंट आठ, पण रक्कम लहान असली की विषय तिथंच संपतो, नोव्हेंबरात विम्याचं झेंगट मागे लागत नाही. आमचा हिशोब बघणारी गी-रान म्हणून मुलगी आहे, कर-सल्लागाराच्या कचेरीत बसते, तिनंही हेच सुचवलं होतं. मी तर बाईंवर उपकार केल्याच्या थाटात होतो.

दोन दिवसांनी बाई पावती घेऊन जिना चढून आल्या. दम लागला होता, पण बसल्या नाहीत. मी तुमच्याकडे भाषण करायला आले होते का, असं विचारलं. मी म्हटलं, अहो, त्यात तुमचाच फायदा आहे. त्यावर म्हणाल्या की रोज सकाळी उठून मी हेच करते, म्हणजे हा माझा व्यवसाय आहे, आणि कायदाही तेच म्हणतो. तेव्हा दुरुस्त करा. मी दुरुस्त केलं. फायदा हातात दिला तर तो परत करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाकापेक्षा मोती जड, असं मी त्या दिवशी बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, असं एक तरी नाक तुमच्या गल्लीत आहे का?

तर तेव्हापासून तीन पॉइंट तीन. आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरात दाखला.

त्याच दिवशी दुसरं भांडणही झालं, ते मात्र अजून मिटलेलं नाही. गोगलगाईंच्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं मी भाषांतराला घेतलीच नव्हती. कागद महागला होता, पुस्तक जाड होत होतं, कापली. त्या प्रकरणांत गोगलगाय थंडीत शंखाच्या तोंडाला पातळ दार लावून घेते आणि वसंतात ते फोडून बाहेर येते, असं काहीसं होतं. बाईंचं म्हणणं, तुम्ही तिला आत कोंडून पुस्तक संपवलंत. त्यानंतर कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी त्या विचारणार, मालक, हे पूर्ण छापणार ना, की याचंही शेपूट कापणार? माणसानं एकदा कात्री चालवली की जन्मभर न्हावी ठरतो.

दाखला द्यायची आमची एक पद्धत पडली होती. छापखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चपट्या मांडूचं दुकान आहे. मांडू म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरलेली करंजी, पण इथं आत सारण म्हणायला जवळजवळ काही नाही, नुसता पीठ-पीठ मांडू, तव्यावर परतलेला, वर कांदापात आणि तिखट. आमच्या गावाला तोच लागतो. तिथं मी खाकी लिफाफा घेऊन जायचो. लिफाफ्यात वर दाखला, की सौ. प्यो सुन-इम या आता आमच्याकडे काम करत नाहीत. आणि दाखल्याच्या खाली पुढचं पुस्तक. बाई आधी मांडू खायच्या, हात पुसायच्या, दाखला काढून नीट वाचायच्या, मान डोलवायच्या, की बरोबर, मी तुमची कोणी नाही. मग आत हात घालून खालचं पुस्तक काढायच्या आणि पहिलं पान तिथंच वाचायला लागायच्या. मी बिल द्यायचो. काम संपलं हे सरकारसाठी, आणि चालू आहे हे आमच्यासाठी. ‘सौ.’ मात्र मला सवयीनं लिहिलं जायचं, आणि दर वर्षी त्या ते पेननं खोडायच्या.

या वर्षी लिफाफ्यात खाली घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

इमारत विकली गेली. घरमालक म्हातारा होता, त्याच्या पोरांना तिथं कॉफीचं दुकान काढायचंय. माझ्या डाव्या डोळ्यात पाणी धरतंय, डॉक्टर म्हणतो बारीक अक्षर सोडा. बायकोनं, गुम-ओकनं, तर उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं की या वर्षाअखेरीला धंदा बंद केल्याची नोंद करून या, नाहीतर मी एकटी बहिणीकडे समुद्रावर राहायला जाते. सगळं ठरलेलं होतं. चित्रवाल्या पोराला मी सांगितलं होतं, मांडणीवालीला सांगितलं होतं. प्योबाईंना सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू. घोडं तिथंच पेंड खात होतं.

आणि नेमकं हेच वर्ष वाईट. गेल्या वर्षी मला एक अनुदान मिळालं होतं, नदीच्या माशांचे दोन जाडजूड खंड बाईंनी पाठोपाठ केले, मी आयुष्यात दिला नव्हता एवढा मोबदला त्यांना दिला. त्यांनी तेव्हा खोलीत नवीन तापणारी लादी बसवून घेतली. यंदा मात्र त्यांच्या हाती जवळजवळ काही नाही, कारण गेल्या नोव्हेंबरातल्या एका बारक्या पुस्तकापलीकडे मी काही दिलंच नाही. विमावाल्यांच्या कागदावर त्या नदीच्या माशांनी गब्बर झालेल्या. पत्र आलं तेव्हा त्यांनी फोनवर आकडा सांगितला आणि हसल्या. मी नाही हसलो. थंडीत गॅसचं बिल भरायचं की हा हप्ता, असा तो आकडा होता. आणि एक-दोन महिन्यांची गोष्ट नाही, पुढचा नोव्हेंबर येईपर्यंत.

म्हणजे दाखला हवाच होता. ओळी तर माझ्या संगणकात तयारच होत्या, तारीख बदलायची, शिक्का मारायचा, झालं. मी तारीख बदलली, कागद काढला आणि टेबलावर ठेवला. खिशात माझा लाकडी शिक्का, तांबड्या शाईची डबी. वाचलं. ‘सदर व्यक्तीचा आमच्याशी असलेला कामाचा संबंध संपुष्टात आला असून...’ इतकी वर्षं हे वाक्य मी डोळे मिटून लिहीत होतो, कारण ते खोटं होतं. खोटं लिहायला माणसाला काही लागत नाही. आता ते खरं झालं होतं आणि माझा हात शिक्क्याकडे जाईना.

आधी मी गी-रानकडे गेलो. पळवाट शोधायची तर तिच्याकडेच. मी तिला म्हटलं, पोरी, दाखल्यावाचून काही करता येईल का, गेल्या वर्षीचे बाईंचे पैसे त्या दुसऱ्या रकान्यात सरकवता येतील का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या तव्यावर बूट ठेवलाय. साहेब, ते मार्चमध्येच कळवून झालंय, मे महिन्यात बाईंनी भरूनही झालंय, आणि दोन खंड काम केलेलं माणूस प्रासंगिक कसं होईल? दाखला लिहून द्या की, असं म्हणाली. दोन मिनिटांचं काम. शिवाय धंदा बंद केल्यावर त्यांना तो द्यायला तुम्ही असणार नाही, तेव्हा आत्ताच द्या. मग काहीतरी तिच्या लक्षात आलं असावं. तिनं संत्र्याची फोड पुढे केली आणि म्हणाली, तुम्ही अजून सांगितलं नाही वाटतं. मी म्हटलं, तू आकडे बघ.

टपालानं पाठवू, असंही एकदा ठरवलं. लिफाफ्यावर पत्ता घातला, पोस्टापर्यंत गेलो. रांगेत माझ्यापुढे एक बाई लेकीला किमचीचा डबा पाठवत होती आणि तो गळत होता, त्यावरून वाद चालला होता. मी तेवढं निमित्त करून परत फिरलो. घरी आल्यावर गुम-ओकनं विचारलं, टाकलं पत्र? मी म्हटलं, गर्दी होती. तिनं मिरचीनं माखलेले हात तसेच वर धरून मला जे सुनावलं ते सगळं इथं लिहीत नाही. सारांश असा की बाई थंडीत कुडकुडल्या तर पाप माझ्या माथी, आणि साठी उलटलेल्या माणसानं पोरासारखं तोंड लपवू नये. बरोबर होतं तिचं. मला राग आला तो त्याचाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना मांडूच्या दुकानात बोलावलं.

पदपथावर जिंकोच्या झाडांची फळं पडून चेचली होती, तो घाण वास बुटाला लावूनच मी आत शिरलो. बाई आधीच येऊन बसल्या होत्या, नेहमीच्या जागी, पाठ भिंतीला. समोर दोन ताटल्या मागवलेल्या. नदीच्या माशांबद्दल कोणा मास्तरचं पत्र आल्याचं त्या सांगत होत्या, की दुसऱ्या खंडात एका माशाचं चित्र उलटं छापलंय. मी ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो. लिफाफा मी मांडीवर ठेवला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय आहे का हे माझं? काढला आणि टेबलावर ठेवला.

तो पडलाच असा पातळ, की आवाजसुद्धा झाला नाही.

बाईंनी हात पुसले. दाखला काढला, वाचला. पेन काढून ‘सौ.’ खोडलं. मान डोलवली. मग सवयीनं लिफाफ्यात हात घातला, आणि हात आत तसाच राहिला. खाली काही नाही हे त्यांना पहिल्या क्षणीच कळलं असणार, पण हात त्यांनी लगेच बाहेर काढला नाही.

मी सगळं सांगितलं. इमारत, डोळा, बायको, डिसेंबर. एका दमात सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं. माझा आवाज चढला होता, कारण मला रडू येत होतं आणि मला रडू आलं की मी ओरडतो. मांडूवाली तव्याकडे तोंड करून उभी राहिली, बिचारी.

बाईंनी हात बाहेर काढला. दाखल्याची घडी घातली, परत लिफाफ्यात सरकवला आणि लिफाफा माझ्याकडे ढकलला.

“हा नको मला,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नको म्हणजे? त्या म्हणाल्या, नको म्हणजे नको, हप्ता भरीन. मी त्यांना गॅसचं बिल काढून दाखवलं, तोंडी. त्या म्हणाल्या, नवी लादी बंद ठेवीन, जुन्या गोधड्या आहेत. मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला, एका कागदासाठी वर्षभर गोठत बसणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. इतकी वर्षं दर नोव्हेंबरात हाच कागद मागून घेतलात ना माझ्याकडून?

“घेतला,” त्या म्हणाल्या. “खोटा होता म्हणून घेतला. तुमची कोणी नाही असं तुम्ही लिहायचात आणि खाली पुस्तक असायचं. मला त्याची गंमत वाटायची. हा खरा आहे. खरा कागद घेऊन मी विम्याच्या त्या खिडकीत उभी राहणार नाही.”

मांडू गार होऊन ताटलीला चिकटले होते. मी चॉपस्टिकनं एक सोडवायला गेलो तर तो फाटला. मनात येत होतं की बाईंना हाताला धरून उठवावं आणि विमा कचेरीत नेऊन बसवावं, आणि हेही येत होतं की त्यांच्या पाया पडावं. दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. बाईंनी पदराशी चाळा करतात तसा स्वेटरच्या काठाशी चाळा चालवला होता. त्यांचा चेहरा शांतच होता. त्यांना भांडायचं नव्हतं, त्यांना फक्त तो कागद नको होता, आणि मला माहीत होतं की नको म्हटल्यावर त्या तो घेणार नाहीत. आठ पॉइंट आठ परत करणारी बाई ती.

प्रकाशनाचं दुकान बंद करू नको का मग, असं मी शेवटी विचारलं. त्या म्हणाल्या, करा की बंद. डोळे सांभाळा. मी काय तुमच्या दुकानासाठी काम करत होते?

मग कशासाठी करत होतात, असं विचारणार होतो, पण विचारलं नाही. कारण त्याच वेळी माझ्या डोक्यात ती गोगलगाय आली. थंडीत दार लावून घेतलेली. आत कोंडलेली. माझ्या कात्रीनं कोंडलेली.

“प्योबाई,” मी म्हटलं, “गोगलगाईची तीन प्रकरणं राहिलीयत.”

त्यांनी वर पाहिलं.

“ती तुम्ही कापलीत.”

“कापली. आता करा. मला ती हवीत.”

“दुकान बंद करताय ना?”

“दुकान बंद करतोय. पुस्तक काय दुकानातच वाचतात? तुम्ही लिहा, मी मोठ्या अक्षरात काढून वाचीन, चुका दाखवीन, तुम्ही भांडा. पुढचं पुढे बघू.”

मग त्यांनी अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं की मोबदला किती. मी म्हटलं, मोबदला नाही. त्या म्हणाल्या, शून्य? मी म्हटलं, शून्य, आणि त्यातून तीन पॉइंट तीन टक्के कापून. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आणि शून्याचं कर-कार्यालयाला कळवावं लागत नाही, विमावाल्यांना ते दिसतही नाही, हवं तर गी-रानला विचारा.

बाई हसल्या. तोंडावर हात धरून हसतात त्या, पण या वेळी हात धरला नाही, आणि हसता हसता डोळे पुसले, कांदापात झोंबल्यासारखे. प्रासंगिक रकान्यात तर टाकत नाही ना, असं म्हणाल्या. मी म्हटलं, माझी काय बिशाद.

मग त्यांनी लिफाफा परत स्वतःकडे ओढला. दाखला काढला, टेबलावरचं तिखटाचं पाणी रुमालानं पुसून त्यावर तो पसरला, पुन्हा वरपासून वाचला. ‘सदर व्यक्तीचा आमच्याशी असलेला कामाचा संबंध संपुष्टात आला असून.’ त्यांनी त्या ओळीखाली बोट फिरवलं.

“आता ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “आता झाला खोटा. पण मालक, याच्यावर शिक्का कुठं आहे?”

शिक्का नव्हताच. मी मारलाच नव्हता. इतके दिवस कागद खिशात घालून हिंडलो, पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो, तरी बिनशिक्क्याचा. तसाच टपालात पडला असता तर विमावाल्यांनी परतच पाठवला असता.

मी खिशातून लाकडी शिक्का काढला, डबी उघडली. मांडूवालीनं न सांगता ताटल्या उचलल्या आणि फडकं मारलं. मी शिक्का शाईत नीट बुडवला, प्योबाईंचा आमच्याशी काही संबंध उरलेला नाही या वाक्याच्या शेवटी टेकवला आणि वर तळहात ठेवून दाबला. बाईंनी फुंकर घालून शाई वाळवली, कागद पिशवीत टाकला, आणि विचारलं की गोगलगाईचं मूळ पुस्तक माझ्याकडे आहे की त्यांनाच शोधावं लागेल.

माझ्याकडे होतं. खिडकीखालच्या पेटीत. उद्या सकाळी आणून देतो म्हणालो.